फेऱ्या किती मारल्या ते राहू दे, चकती किती पिळली ते सांगा

प्रश्न कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका तरुण डायमेकरचा आहे. घरचं डाय-मोल्डचं छोटं वर्कशॉप, सोबत एम.टेक. चालू. तो विचारतो: "सर, झिर्कोनियमच्या मेटॅलिक ग्लासची चकती ५-६ गिगापास्कल दाबाखाली पिळली की तिचा ठिसूळपणा कमी होतो असं वाचलं. धातू ठोकला की कडक होतो हे रोज बघतोय, मग हा मऊ कसा पडतो? आणि आमच्याकडे ५० टनांचा हायड्रॉलिक प्रेस आहे. त्यावर हे जमेल का?"

आधी उत्तर, मग कारणं. चकती मऊ पडते हे खरं आहे. ५० टनांचा प्रेस हिशेबात बसतो, जेमतेम बसतो, पण बसतो. मात्र चकती वरच्या आणि खालच्या ॲन्व्हिलमध्ये, म्हणजे दोन कडक ठोकळ्यांमध्ये, दाबून धरलेली असते. खालची ॲन्व्हिल पाच फेऱ्या फिरली म्हणजे मधली चकती पाच फेऱ्या पिळली, असं धरून चालू नका. तांबं किंवा ॲल्युमिनियम असेल तर असं धरलं तरी फारसं बिघडत नाही. मेटॅलिक ग्लासच्या बाबतीत मात्र सगळा निकाल याच एका गोष्टीवर फिरतो. त्यामुळे या उत्तराचा मोठा भाग तिथेच जाणार आहे.

काच म्हणजे काय, हे कोल्हापुरात सांगायचं तर फाउंड्रीतूनच सुरुवात करावी. ग्रे आयर्नचा हीट, म्हणजे भट्टीतला रस, ओतण्याआधी पाचरीच्या आकाराचा चिल टेस्टचा तुकडा ओततात, तो मोडून बघतात. पातळ धारेकडचा भाग पांढरा निघतो, जाड बाजू करडी. रस एकच, फक्त धार लवकर थंड झाली म्हणून तिथे कार्बनला ग्रॅफाइट व्हायला सवड मिळाली नाही. तरीही तो पांढरा भाग स्फटिकीच असतो, त्यात सिमेंटाइट असतं. आता याच्याही पुढे जा. थंड होण्याचा वेग इतका वाढवा, आणि मिश्रधातूत लहानमोठ्या अणूंची अशी सरमिसळ करा, की कुठल्याही स्फटिकाला जमायला वेळच मिळू नये. द्रवातली अव्यवस्था तशीच गोठते. तो मेटॅलिक ग्लास.

१९६० मध्ये कॅलटेकमध्ये पोल ड्यूवेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोनं-सिलिकॉनच्या रसाचा थेंब सेकंदाला सुमारे १० लाख अंशांच्या वेगाने थंड करून तो पहिल्यांदा मिळवला. पापुद्रा कसला, नुसती पातळ चिमूट. पुढे जपानात सेंदाईला अकिहिसा इनोउए यांच्या गटाने असे मिश्रधातू शोधले की सावकाश थंड केले तरी काच राहावेत. १९९३ मध्ये पेकर आणि जॉन्सन यांनी झिर्कोनियम, टायटॅनियम, तांबं, निकेल आणि बेरिलियम यांचा मिश्रधातू दाखवला. त्याला सेकंदाला एखाद्या अंशाचा वेग पुरतो, म्हणजे बोटाएवढी जाड कांडी ओतता येते. एखादा मिश्रधातू किती जाडीपर्यंत काच राहतो हे तपासायला संशोधकही तांब्याच्या पाचरीसारख्या साच्यात रस ओततात आणि तुकडा कापून काच कुठे संपते ते बघतात. आपल्या भट्टीवरची पाचर आणि ती पाचर यांचं तत्त्व एकच.

या काचेची ताकद बघितली की माणूस हरखतो. झिर्कोनियमवाल्या मिश्रधातूंची ताकद १.७ ते २ गिगापास्कल, आणि लवचीक स्ट्रेन सुमारे २ टक्के, म्हणजे एवढं ताणून सोडलं तरी तुकडा मूळ लांबीला परत येतो. चांगल्या स्प्रिंग स्टीलला एवढा लवचीक स्ट्रेन जमत नाही. पण ओढून बघा. जवळजवळ काहीही न लांबता, कसलीही सूचना न देता, तिरक्या पातळीवर तुकडा पडतो. ज्यावर भरवसा ठेवायचा त्या पार्टमध्ये हे चालत नाही, आणि दाबून पिळायची सगळी खटपट या एका दुखण्यासाठी आहे.

आता तुमचा मूळ प्रश्न: ठोकलं की कडक व्हायचं सोडून मऊ का?

हुपरीला चांदीची तार ओढताना बघितलं असेल. दोन-चार वेळा ओढली की ती ताठ होते, मग तापवून मऊ केल्याशिवाय पुढे ओढता येत नाही. चांदी स्फटिकी आहे, तिचे अणू ओळींत बसलेले असतात. त्या ओळींतले दोष, म्हणजे डिसलोकेशन, सरकतात म्हणून ती वाकते. ओढत गेलं की दोष इतके वाढतात की एकमेकांची वाट अडवतात, म्हणून ताठरपणा येतो. शुद्ध तांबं दाबून पिळलं तर सुरुवातीची ५०-६० विकर्स कठीणता १३० च्या आसपास जाते आणि तिथे थांबते. आतले कण तोवर काहीशे नॅनोमीटरांवर आलेले असतात.

काचेत ओळीच नाहीत, मग अडकणार काय? तिथे एकटा अणू हलत नाही, काही डझन अणूंचा घोळका एकदम थोडासा सरकतो. जोतिबाच्या चैत्र यात्रेत सासनकाठ्या नाचत असताना गर्दीत एकट्याला पाऊल टाकता येत नाही, आजूबाजूचे दहा जण एकदम जरा सरले तरच वाट होते. आणि जिथे आधीच थोडी मोकळीक असते तिथेच ते घडतं. स्पीपेन यांनी १९७७ मध्ये ही मोकळीक, म्हणजे फ्री व्हॉल्यूम, धरून गणित मांडलं. १९७९ मध्ये अली आर्गॉन यांनी एकत्र सरकणाऱ्या घोळक्यांची कल्पना मांडली. दोन्हींतून निघतं ते असं: एकदा घोळका सरकला की ती जागा आधीपेक्षा सैल होते, म्हणून पुढचं सरकणंही तिथेच होतं. सगळं विरूपण एका पट्टीत गोळा होतं. तोच शिअर बँड. त्याची जाडी १० ते २० नॅनोमीटर. ओढताना असा एकच बँड आरपार गेला की खेळ संपला.

बँडमध्ये केवढी घाई असते त्याचा एक सुंदर पुरावा आहे. २००६ मध्ये लेवांडोव्स्की आणि ग्रीअर यांनी काचेवर कथलाचा पातळ थर दिला आणि मग ती वाकवली. बँड जिथे पृष्ठभागावर आला तिथे कथील वितळून त्याचे बारीक मणी झालेले दिसले. कथील २३२ अंशांना वितळतं. म्हणजे काही नॅनोमीटरच्या पट्टीत, क्षणभर का होईना, एवढी उष्णता होती.

वरून प्रचंड दाब असला की बँड धावतो, पण त्याची चीर होत नाही, कारण चिरेला उघडायलाच जागा नसते. एक बँड तुकडा पाडू शकला नाही की दुसरा उठतो, मग तिसरा, मग त्यांच्यावरून आडवे जाणारे. पुढे बँडांची एवढी दाटी होते की जवळजवळ सगळाच पदार्थ बँडातून गेलेला असतो, म्हणजे सगळाच सैल झालेला असतो. चकती मऊ पडते ती यामुळे. एरवी मोडून पडणारा पदार्थ न मोडता विरूपित करायला दाब लागतो, आणि आतली रचना बदलते ती पिळामुळे. दोन्ही कामं वेगळी आहेत, त्यांची गल्लत करू नका. नुसतं ६ गिगापास्कलला दाबून सोडून दिलेल्या चकतीत तो बदल मिळणार नाही.

दाब आणि पीळ एकत्र देण्याची युक्ती जुनी आहे. हार्वर्डच्या पर्सी ब्रिजमन यांनी १९३५ मध्येच असे प्रयोग छापले होते. उच्च दाबाच्या कामासाठी त्यांना १९४६ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. पुढे रशियात उफा इथे रुस्लान व्हॅलिएव्ह यांच्या गटाने ती नॅनो-कणांचे धातू करण्यासाठी वापरात आणली. आज याला एचपीटी, म्हणजे हाय-प्रेशर टॉर्शन, म्हणतात.

आता आकडे. पीळ किती बसला याचं माप म्हणजे कातर-स्ट्रेन: २π गुणिले फेऱ्या गुणिले त्रिज्या, भागिले जाडी. चकती १० मिमी व्यासाची, दाबल्यावर उरलेली जाडी ०.५ मिमी. एका फेरीला कडेला स्ट्रेन येतो सुमारे ६३, त्रिज्येच्या मध्यावर ३१ आणि बरोबर केंद्रात शून्य. पाच फेऱ्यांना कडेला ३१४. एकाच चकतीत शून्यापासून तीनशेपर्यंत सगळं असतं, त्यामुळे "पाच फेऱ्यांची चकती" एवढंच सांगून भागत नाही. मोजमाप कुठल्या त्रिज्येवर घेतलं ते प्रत्येक आकड्यासोबत लिहायला हवं. आणि हे सगळं सूत्रातलं झालं. सूत्र असं धरतं की चकती दोन्ही ॲन्व्हिलना घट्ट चिकटून आहे.

ती चिकटते का? साधा हिशेब करा. चकती पिळायची तर ॲन्व्हिलने तिच्यावर निदान तिच्या कातर-ताकदीएवढा ताण द्यायला हवा. झिर्कोनियम काचेची कातर-ताकद सुमारे १ गिगापास्कल. ॲन्व्हिल देऊ शकते ती घर्षणांक गुणिले दाब एवढीच. ६ गिगापास्कल दाबाला घर्षणांक निदान ०.१७ लागतो. दाब २ गिगापास्कलच असेल तर ०.५ लागतो, आणि तो मिळणं अवघड. एचपीटीने कडक झालेल्या तांब्याची कातर-ताकद पाव गिगापास्कलच्या आसपास, त्याला ६ गिगापास्कलला ०.०४ पुरतो. तांबं निमूट पिळतं आणि काच घसरते, त्याचं कारण एवढंच आहे. शिवाय चकतीतला दाब सगळीकडे सारखा नसतो, मध्ये जास्त आणि कडेला कमी. नेमकी जिथे स्ट्रेन सर्वांत जास्त हवा तिथेच पकड सर्वांत ढिली.

या घसरण्याबद्दल गेल्या काही वर्षांत बरंच काम छापून आलं आहे आणि निष्कर्ष डोळे उघडणारा आहे: पिळलेल्या काचेत प्रत्यक्ष स्ट्रेन सूत्रातल्या आकड्याच्या खूप खाली असू शकतो. तेव्हा कुठलाही पेपर वाचताना "१० फेऱ्या" दिसलं की आधी शोधा, घसरण तपासली आहे का. तपासली नसेल तर तो आकडा ॲन्व्हिलचा आहे, चकतीचा नाही.

तपासायची रीत तुमच्या वर्कशॉपमध्ये बसून करता येईल अशी आहे. चकती व्यासावर वायरकटने दोन अर्ध्या करा. कापलेल्या कडा पॉलिश करा, दोन्ही अर्ध्या चकत्या पुन्हा जोडीने ॲन्व्हिलमधल्या खड्ड्यात ठेवा, दाब द्या आणि फक्त १० अंश फिरवा. आता चकती बाहेर काढून वरची आणि खालची सांधरेषा बघा. खरोखर पिळली असेल तर वरची रेषा खालच्या रेषेपासून १० अंश सरकलेली दिसेल. ५ मिमी त्रिज्येवर ते अंतर ०.८७ मिमी, साध्या मापन-मायक्रोस्कोपखाली सहज मोजता येतं. दोन्ही रेषा एकमेकींवर बसल्या असतील तर ॲन्व्हिल नुसती घासत फिरली. घसरलेल्या बाजूवर बहुधा गोल गोल चकचकीत चरेही दिसतात. कोन लहान ठेवायचं कारण आहे. पूर्ण फेरी मारली तर रेषा फिरून पुन्हा जुळतात, आणि पिळलं की घसरलं हे त्यांच्यावरून कळत नाही.

एवढ्यावर थांबू नका. रेषा १० अंश सरकली म्हणजे चकती आणि ॲन्व्हिल यांच्यात घसरण नाही एवढंच सिद्ध झालं. काचेत एक वेगळाच धोका असतो. चकतीच्या आत, ॲन्व्हिलला समांतर असा एकच जाड बँड तयार होतो आणि वरचा अर्धा थर खालच्यावर सरकतो. बाहेरून रेषा हवी तेवढी सरकलेली दिसते, आत मात्र ९० टक्के पदार्थ जसाच्या तसा. त्यासाठी चकती उभी कापून सांधा जाडीत कसा उतरलाय ते पाहायला हवं. तिरका, सलग उतरला असेल तर पीळ जाडीभर वाटला गेला. एका ठिकाणी पायरीसारखा तुटला असेल तर सगळं तिथेच गोळा झालं. दोन अर्ध्या चकत्या थोड्या वेगळ्या मिश्रधातूंच्या घेतल्या तर इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमध्ये एक उजळ, एक गडद दिसते आणि सांधा शोधावा लागत नाही.

टॉर्क, म्हणजे फिरवायला लागणारा जोर, मोजायची सोय पहिल्या दिवसापासून ठेवा. १० मिमीची चकती कडेपर्यंत १ गिगापास्कलने पिळली जात असेल तर टॉर्क सुमारे २६० न्यूटन-मीटर यायला हवा. घर्षणांक ०.१ असताना नुसती घसरत असेल तर १६० च्या खालीच अडकेल. मात्र दोन ॲन्व्हिलच्या कडा एकमेकींना टेकल्या, किंवा कडेने बाहेर पिळून आलेला पदार्थ (फ्लॅश) मध्ये चेपला, तर टॉर्क खोटा वाढतो. म्हणून दोन्हींमध्ये फट राहिलीच पाहिजे. दोन्ही बाजूंना ०.२ मिमी खोल खड्डा आणि मध्ये ०.१ मिमी फट, असा मेळ ठेवता येईल. कोन मोजायचा तोही ॲन्व्हिलवर. मोटरच्या एन्कोडरवर मोजलात तर गिअरबॉक्सचा खेळ आणि शाफ्टचा पीळ त्यात मिसळतो, आणि १० अंशांच्या चाचणीत तेवढी गफलत परवडत नाही.

घसरण कमी करायला कोल्हापुरात सोपा उपाय आहे: खड्ड्याचा तळ सँड ब्लास्ट करून खरबरीत ठेवायचा. डायच्या सवयीने आरशासारखा पॉलिश करू नका. चकती आणि खड्डा दोन्ही ॲसिटोनने पुसून, तेलाचा लवलेश न ठेवता बसवा. दाब चढवल्यावर लगेच न फिरवता थोडा वेळ जाऊ द्या.

उष्णतेबद्दल प्रत्येक जण विचारतो: एवढं पिळल्यावर चकती तापून तिचे स्फटिक होत नाहीत का? २६० न्यूटन-मीटर आणि मिनिटाला एक फेरी, म्हणजे जेमतेम २७ वॅट. ती उष्णता अर्ध्या मिलिमीटरच्या चकतीतून दोन भल्यामोठ्या ॲन्व्हिलमध्ये निघून जाते. एकूण तापमान काही दहा अंशांनीच वाढतं. झिर्कोनियम-तांबं-ॲल्युमिनियम काचेचं ग्लास ट्रान्झिशन, म्हणजे काच मऊ होऊ लागते ते तापमान, ४०० अंशांच्या वर आहे, त्याच्या जवळपासही आपण जात नाही. मिनिटाला १० फेऱ्या मारल्या तर मात्र हा हिशेब बदलतो. सावकाश फिरवा.

आता पिळून आत नेमकं काय झालं ते कसं कळतं. इथे डीएससी, म्हणजे नमुना तापवताना तो किती उष्णता घेतो-सोडतो ते मोजणारं यंत्र, माझ्या मते सर्वांत प्रामाणिक साक्षीदार. ओतलेली काच तापवली की ग्लास ट्रान्झिशनच्या आधी ती थोडी उष्णता बाहेर टाकते, कारण आतली मोकळीक मिटून अणू जरा बरे बसतात. पिळलेली काच तापवली की हीच उष्णता जास्त निघते. काच जणू आणखी वेगाने थंड केलेल्या, जास्त ऊर्जेच्या अवस्थेत परत गेलेली असते. याला रिजुव्हिनेशन म्हणतात. २०१० मध्ये दमोव्स्की, एगामी आणि जपानी सहकाऱ्यांनी ५० टक्के झिर्कोनियम, ४० टक्के तांबं, १० टक्के ॲल्युमिनियम या काचेत एचपीटीनंतर हेच दाखवलं. तीच चकती ग्लास ट्रान्झिशनच्या थोडी खाली तापवून ठेवली तर हा परिणाम पुसला जातो. म्हणजे ही अवस्था कायमची नाही, उलटवता येते. नॅनो-इंडेंटेशनमध्येही तसंच दिसतं. ओतलेल्या काचेत सुई आत जाताना आलेखावर पायऱ्या पडतात, प्रत्येक पायरी म्हणजे एक बँड. पिळलेल्यात पायऱ्या विरतात आणि रेष गुळगुळीत होते. पुन्हा तापवली की पायऱ्या परत येतात.

एक्सआरडीत, म्हणजे क्ष-किरणांनी अणूंची रचना बघण्याच्या चाचणीत, फार अपेक्षा ठेवू नका. आलेखातलं रुंद टेकाड थोडं लहान कोनाकडे सरकतं आणि किंचित रुंदावतं, घनता टक्क्याच्या काही अंशाने घटते. नुसत्या विकर्स कठीणतेवर तर मुळीच निष्कर्ष काढू नका. झिर्कोनियमवाल्या काचेत ती बहुधा उतरते, पण चकतीत राहिलेला अंतर्गत ताण, असमतल पृष्ठभाग आणि अर्धवट झालेले स्फटिक या तिन्हींमुळे आकडा दोन्हीकडे ढळतो. छापील साहित्यात वाढ आणि घट दोन्ही दिसतात ती बऱ्याच अंशी यामुळे.

स्फटिकांचं प्रकरण मिश्रधातूगणिक वेगळं आहे. ॲल्युमिनियमच्या काचा नाजूक. १९९४ मध्येच दिसलं होतं की त्यांच्या पातळ पट्ट्या नुसत्या वाकवल्या तरी बँडच्या आत ॲल्युमिनियमचे नॅनो-स्फटिक तयार होतात. निओडिमियम-लोह-बोरॉनच्या काचेत पिळून लोहाचे नॅनो-स्फटिक उगवतात, आणि चुंबकवाल्यांना ते हवेच असतात. उलट निकेल-टायटॅनियमचा स्फटिकी मिश्रधातू याच यंत्रात पिळला तर तो काच होतो! एकच प्रक्रिया एकाला काचेतून बाहेर काढते आणि दुसऱ्याला काचेत ढकलते. या विषयाचा नाद मला ज्या गोष्टींमुळे लागला त्यातली ही एक.

आता तुमचा प्रेस. १० मिमी चकतीचं क्षेत्रफळ ७८.५ चौरस मिमी, त्यावर ६ गिगापास्कल म्हणजे सुमारे ४८ टन. ५० टनांच्या प्रेसला हे काठावरचं आहे. तासभर धरून ठेवायचं असेल तर सील गळतात आणि दाब उतरतो. चकती ८ मिमीची घ्या, जोर ३१ टनांवर येतो आणि टॉर्क जवळजवळ निम्मा होतो. जोराची अडचण त्यामुळे उरत नाही. एवढ्या भाराखाली सावकाश आणि सरळ फिरणारा तळ बनवणं, हे खरं अवघड काम. त्यासाठी जड थ्रस्ट बेअरिंग, मोठ्या रिडक्शनचा वर्म गिअर आणि दोन्ही ॲन्व्हिलचा एकअक्ष काही शतांश मिलिमीटरांत हवा. अक्ष चुकला की चकती पिळायच्या ऐवजी खलबत्त्यासारखी घोटली जाते. उद्यमनगर आणि शिरोलीत हे काम करू शकणारे हात नक्की आहेत, आणि तुमचं स्वतःचं घरच डायचं आहे. ॲन्व्हिल टंगस्टन कार्बाइडची घ्या, बाहेरून स्टीलच्या रिंगमध्ये श्रिंक-फिट करा. आणि चारही बाजूंनी जाड पोलादी गार्ड लावल्याशिवाय एकदाही दाब चढवू नका. कार्बाइड फुटतं तेव्हा तुकडे गोळीसारखे जातात.

पदार्थाबाबत एक गोष्ट फार कळकळीने सांगतो. १९९३ च्या त्या प्रसिद्ध मिश्रधातूत बेरिलियम आहे. तो कुठे स्वस्तात मिळाला तरी वर्कशॉपमध्ये कापू नका, ग्राइंड तर अजिबात करू नका. बेरिलियमची धूळ फुप्फुसात गेली तर होणारा आजार आयुष्यभराचा असतो, आणि तो शेजारच्या लेथवरच्या माणसालाही होऊ शकतो. झिर्कोनियम-तांबं-ॲल्युमिनियम घ्या, त्यात बेरिलियम नाही. त्याचीही बारीक ग्राइंडिंग धूळ पेट घेऊ शकते, म्हणून भरपूर कूलंट लावून कापा आणि गाळ साठू देऊ नका. कांडी ओतताना ऑक्सिजन हा मोठा शत्रू. आर्क मेल्टिंगमध्ये, म्हणजे विजेच्या ठिणगीने वितळवताना, आर्गॉन कितीही शुद्ध असला तरी आधी टायटॅनियमचा गोळा वितळवून उरलेला ऑक्सिजन शोषून घेतात. तुमच्या इंडक्शन फर्नेसवर हे होणार नाही. कांडी प्रयोगशाळेतूनच घ्यावी लागेल. डीएससी आणि एक्सआरडीसाठी शिवाजी विद्यापीठात चौकशी करा, पुण्याला जायच्या आधी.

शेवटी उपयोगाचं. एचपीटीतून मिळते ती नखाएवढी चकती. त्यातून गिअर किंवा पंपाचा पार्ट निघणार नाही, आणि तसं कुणी सांगत असेल तर ऐकू नका. ती शिकायची पद्धत आहे: काच किती ऊर्जेपर्यंत नेता येते आणि तिथे ती कशी वागते, हे इतकं टोकाला नेऊन दुसऱ्या फार थोड्या पद्धती दाखवतात. उत्पादनासाठी ठिसूळपणा कमी करायचा तर दोन सोप्या वाटा आहेत. एक शॉट पीनिंग, म्हणजे पृष्ठभागावर बारीक गोळ्यांचा मारा. २००६ मध्ये झिर्कोनियम काचेवर ते करून वाकवण्यात आणि दाबण्यात स्पष्ट सुधारणा मिळाली होती. आपल्याकडे ऑटो पार्टसाठी शॉटची यंत्रं आहेतच, फक्त शॉटचा आकार आणि वेग नीट बसवायला हवा. दुसरी वाट २०१५ मध्ये पुढे आली: काच द्रव नायट्रोजनमध्ये बुडवायची, बाहेर काढून खोलीच्या तापमानाला आणायची, आणि असं पुन्हापुन्हा करायचं. काच सगळीकडे एकसारखी नसल्यामुळे आतले भाग कमी-जास्त आकुंचन पावतात आणि तेवढ्यानेही रिजुव्हिनेशन होतं. एक डबा, एक चिमटा, जाड हातमोजे आणि हवेशीर खोली एवढ्यात होणारं काम. परिणाम एचपीटीपेक्षा सौम्य, पण पार्टचा आकार बदलत नाही. एम.टेक.च्या प्रबंधात या दोन्ही वाटा आणि तुमची पिळलेली चकती डीएससीच्या एकाच आलेखावर आली तर ते काम वाचायला मला मनापासून आवडेल.

पहिल्यांदा ८ मिमीची तांब्याची चकती पिळून यंत्राचा अक्ष आणि टॉर्क तपासून घ्या. तांबं घसरत नाही, त्यामुळे जे चुकेल ते यंत्राचंच असेल. मग काचेच्या दोन अर्ध्या चकत्या, १० अंश, वरचा-खालचा फोटो आणि उभा छेद. ते फोटो आणि टॉर्कचा आलेख इथे टाका, पुढचं त्यावरून ठरवू.